वरची मूठ

झारीतलं शेवटचं पाणी संपलं, पुंडलिकराव सरळ व्हायला गेले आणि त्यांच्या पाठीला दोरी लागली. लाल दोरी. म्हणजे आत येताना आपण हिच्याखालून वाकलो असणार, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. डोळ्यांनी दोरी पाहिली, कमरेने वाकून तिचा मान राखला, हातातली झारी तिला न अडकवता आत आणली, एवढं सगळं बिनबोभाट झालं. ती दोरी कशासाठी बांधली आहे, हे तेवढं डोक्यापर्यंत पोचलं नाही. पायाशी वांग्याच्या रोपांच्या काळ्या पिशव्या ओळीने मांडल्या होत्या. काल संध्याकाळी त्यातल्या बऱ्याच रोपांनी माना टाकल्या होत्या. आता सगळ्या पिशव्यांतली माती काळीभोर ओली होती. आधी त्यांना बरं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. तहानलेल्याला पाणी पाजल्यावर वाटतं तसं, रोजचंच बरं. मग आठवलं. ही सुनेची रोपं होती. त्यांना पाणी द्यायचं नव्हतं.

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आता जिकडे पाहावं तिकडे फ्लॅट आहेत, हॉस्टेलं आहेत, सावंगीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या खानावळी आहेत. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध पुंडलिकरावांची रोपवाटिका आपली जागा धरून बसलेली आहे. वांगी, टमाटे, मिरची, कोबी. बी टाकायचं, रोप वीतभर झालं की विकायचं, आणि रिकाम्या जागी लगेच दुसरं बी टाकायचं. इथे जागा रिकामी ठेवणं हे घरात कुणी उपाशी झोपण्याइतकं वाईट समजलं जातं. अशा ठिकाणी तिसऱ्या नंबरचं अख्खं शेड, ऐन हंगामात, विकायच्या नसलेल्या रोपांना दिलं गेलं, ही गोष्ट मुळात घडलीच कशी, याचं उत्तर एका कचोरीत होतं. उन्हाळ्यात वर्ध्याला लहान धंदेवाल्यांचा मेळावा झाला. नागपूरहून आलेले साहेब कोट घालून घामाघूम झाले होते आणि तरी तळमळीने सांगत होते की बाबांनो, कमाईतला थोडा वाटा संशोधनाला काढा, आपल्याच मालात काय उणं आहे ते आपणच तपासा, सरकार त्याला हातभार लावायला तयार आहे. पुंडलिकरावांच्या लेखी संशोधन म्हणजे सावंगीच्या दवाखान्यात पांढरे डगले घातलेली मुलं करतात ते. नाश्त्याची कचोरी पोटात होती, पंखा थेट डोक्यावर होता, डोळे मिटत होते आणि मान खालीवर होत होती. शेजारी सून बसली होती. परतताना स्कूटरवर मागून ती म्हणाली, "बाबा, साहेब बोलून राह्यले होते तवा तुमी मान हलवली." नाही म्हणायला तोंड उघडलं, तर डुलकी लागली होती हे कबूल करावं लागलं असतं. एका हंगामासाठी, दिवाळीपर्यंत, तिसरं शेड आचलला मिळालं.

आचल ही पुंडलिकरावांच्या मुलाची, नीरजची बायको, अकोल्याला शेतीचं शिकून आलेली. तिने रस्त्याकडेच्या काटेरी रानवांग्याची रोपं वाढवली, ब्लेडने त्यांचे शेंडे उडवले आणि त्या बुडख्यांवर घरच्या वांग्याचे शेंडे इवल्याशा चिमट्यांनी बसवले. खाली रानाचं मूळ, वर घरचं वांगं. शेतकऱ्याच्या मोटारीला वीज कधी दिवसा, कधी रात्री, कधी नाहीच. तेव्हा नुकतं लावलेलं रोप पाण्यावाचून कुठवर तग धरतं, साधं कुठवर आणि कलमाचं कुठवर, हे तिला पाहायचं होतं. पाहायचं म्हणजे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवायचे, पाणी तोडायचं आणि बघत बसायचं. हे ऐकताना पुंडलिकरावांनी मन लावून मान डोलावली होती, या वेळी जागेपणी. त्यांना सगळं समजलं होतं. फक्त त्यांच्या उजव्या हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

शेडाच्या दाराशी त्यांची प्लास्टिकची खुर्ची होती. तिच्यावर बसून ते आत बघत राहिले. ऑक्टोबरचं ऊन हिरव्या जाळीतून गाळून आत येत होतं, पलीकडच्या हॉस्टेलात कुणीतरी मोठ्याने दात घासत होतं, आणि वांगी उठत होती. हे उठणं त्यांना पाठ होतं. आधी देठ ताठ होतो, मग पानाचा मधला भाग, मग कडा. जणू कुणी आतून अंथरूण आवरतं आहे. एरवी हे पाहण्यासारखं दुसरं सुख नव्हतं. आज मात्र एकेक पान वर येत होतं तसा त्यांचा जीव खाली जात होता, आणि तरीही डोळे हटत नव्हते, कारण रोपं खरोखर सुंदर दिसत होती. आपण चूक केली आहे आणि ती इतकी हिरवीगार आहे, याचं काय करावं? त्यांना वडील आठवले. चिंधूजी माळव्याची रोपं पळसाच्या पानांत बांधून वर्ध्याच्या बाजारात विकायला बसत. जुडी बांधून झाली की ते वाफ्यातली आणखी एक मूठभर रोपं उचलून जुडीवर ठेवत आणि म्हणत, हे, जे मरतीन त्याइच्यासाठी. वरची मूठ. गिऱ्हाईक खूष, चिंधूजी खूष. पुंडलिकरावांनी तीच रीत पुढे चालवली. पळसाची पानं गेली, ट्रे आले, पण वरची मूठ गेली नाही. जिल्ह्यात त्यांचं नाव झालं ते या मुठीने. रोपं मरणारच, ती माणसाने हसत भरून द्यावीत, इतका सरळ हिशेब होता तो. ती का मरतात, हा प्रश्न त्या मुठीखाली झाकला जाई, आणि झाकलेलं कुणी उघडून बघत नसे.

एकदा मात्र त्यांनी उघडून बघितलं होतं. लग्नाच्या आधीची गोष्ट. मिरचीच्या एका वाफ्यावर त्यांनी अर्ध्या भागात पळसाच्या पाल्याची सावली केली आणि अर्धा भाग उघडा ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, कशात वाचलं नव्हतं; नुसतं मनात आलं की सावलीतलं रोप जास्त जाड होतं का उघड्यावरचं, बघू या. मग रोज सकाळी उठून ते तोंड धुण्याआधी त्या वाफ्याकडे जात. त्या दिवसांतली सकाळची ओढ त्यांना अजून आठवत होती. अंगात काहीतरी लुकलुकत असे, गाणं पाठ होता होता राहावं तसं. थोडा फरक दिसायलाही लागला होता. आणि मग बाजाराचा दिवस आला, पुंडलिकराव कुठल्याशा लग्नाच्या बोलणीला पाहुण्यांकडे गेले होते, आणि चिंधूजींनी दोन्हीकडची रोपं उपटून एकाच जुडीत बांधून विकून टाकली. परत आल्यावर मोकळा वाफा दिसला. वडिलांना राग आला नव्हता, यांनाही रडू आलं नव्हतं. जेवायला बसले, भाकरी खाल्ली. वडिलांनी केलं त्यात चूक ती काय, रोपं विकायलाच तर होती. पण ती ओढ त्या जुडीत बांधून गेली ती गेलीच. इतक्या वर्षांत त्यांना तिची आठवणही झाली नव्हती. आज खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांच्या ध्यानात आलं की आपण सुनेच्या बाबतीत तेच केलं, तितक्याच चांगल्या मनाने, आणि त्यांना एकदम फार वाईट वाटलं.

न्याहारी आटोपून आचल आली. खुर्चीवर बसलेल्या सासऱ्यांना ओलांडून ती दोरीपाशी गेली आणि थबकली. खाली बसून तिने एका पिशवीत बोट घातलं.

"बाबा, पानी देल्लं का कोनी इथं?"

"म्या देल्लं."

"काऊन?"

"सुकून राह्यले होते माय."

तिने बोटाची माती झटकली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. बाजूला पालथा पडलेला क्रेट ओढून ती त्यावर बसली आणि दोघंही रोपांकडे पाहू लागले.

"सगळेच जगले न पन," पुंडलिकराव म्हणाले. समजूत घालायची तर दुसरं काही सुचेना.

"तेच त झालं न बाबा. कोनतं जगनार होतं अन् कोनतं मरनार होतं, आता मले कसं समजन?"

"काल त समजलंच होतं. माना टाकल्या होत्या त्याइनं."

"मान टाकनं येगळं, मरनं येगळं. मान टाकून उठनारे बी असतेत." मग, हिशेब केल्यासारखं, "सगळ्याइले सारखंच देल्लं न पानी? कोनाले कमी, कोनाले जास्त नाई न?"

हा प्रश्न मात्र त्यांना लागला. "म्या कदी कमीजास्त देतो का?" ते ताठ होत म्हणाले.

आचलला हसू आलं. "मंग आजपासून पुन्हा पहिल्यापासून करता येते. हेच रोपं. पन शेड लागन मले. दिवाळीच्या पार लागन." आणि ती सासऱ्यांकडे न बघता म्हणाली, "तुमी म्हनान तसं."

म्हणजे चेंडू यांच्या अंगणात. दुपारच्या जेवणाला ती गोष्ट ताटाजवळ येऊन बसली. नीरज हा त्यांचा एकुलता एक. ऑर्डरी, गाड्या, फोन सगळं तोच पाही आणि जेवतानाही फोन पालथा घालून ठेवी म्हणजे त्याची शांतता समजावी. तो म्हणाला, "झालं ते झालं बाबा. आता रिकामं करून टाकू ते शेड. टमाट्याचे आर्डर वापस करून राह्यलो मी. लोकं दुसरीकडं चालले." बायकोसमोर बोलायचं म्हणून आवाज त्याने मऊ ठेवला होता, पण म्हणणं पक्कं होतं. आचलने भात वाढून घेतला. गोपिकाबाई यजमानांच्या बाजूने उतरल्या, आणि त्या बाजूने उतरल्या की यजमान अधिकच अडचणीत येत. "झाडाले पानी देनं काई पाप हाये का?" त्या म्हणाल्या. "माह्या समोर सुकलं असतं त म्या बी देल्लं असतं. हे कोनतं शिक्षन म्हनाव, झाडाले तहानं मारा अन् पाहा." पुंडलिकराव म्हणाले, "पाहू." या घरात 'पाहू' म्हटलं की ते बोलणं ताटाबरोबर मोरीत जाई. पण या वेळी ते त्यांच्याबरोबर खुर्चीपर्यंत आलं.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हीच पंचाईत होती. नीरजचं रिकामं शेड डोळ्यांना दिसत होतं, टमाट्यांनी भरलेलंही दिसत होतं. आचल मागत होती ते काही दिसण्यासारखं नव्हतं. कदाचित काही निघेल, कदाचित रानाचं मूळ आणि घरचं मूळ सारखंच निघेल, आणि मग अख्खा हंगाम एवढंच समजण्यात गेला की काही फरक नाही. हेही समजणंच, असं ती एकदा म्हणाली होती. पुंडलिकरावांना ते वाक्य तेव्हा फार चमत्कारिक वाटलं होतं. फरक नाही हे समजायला कुणी शेड घालवतं का? आत्ता, पोट भरलेलं असताना, जाळीवर पारव्यांच्या नखांची टिकटिक चाललेली असताना, ते वाक्य पुन्हा आलं आणि तितकं चमत्कारिक वाटेना. सावलीतली मिरची आणि उघड्यावरची मिरची. सारखीच निघाली असती तरी त्यांना ते कळायला हवं होतं. कळलं असतं तर आपण कसला माणूस झालो असतो? हे सगळं आपण विचारतो आहोत याचीच त्यांना गंमत वाटायला लागली, आणि त्या गमतीत जरा डोळा लागला.

"पुंडलिकभाऊ! झोपले का बाप्पा?"

समुद्रपूरकडचा रूपराव. चिंधूजींच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. बसस्टँडवरून चालत आलेला, बगलेत दुमडलेलं पोतं, बोलणं दारातूनच सुरू. पाणी झालं, तंबाखू झाली. त्याला वांग्याची रोपं हवी होती आणि वांग्याची रोपं कालच संपली होती. तसं सांगेपर्यंत रूपरावाची नजर जाळीतून आत गेली.

"हे काय मंग? एवढे त हायेत!"

दोरीपलीकडे ओळीने वांगी उभी होती, सकाळच्या पाण्यावर टवटवीत, एकाहून एक सरस. पुंडलिकरावांचा हात खुर्चीच्या दांडीवरून आपोआप उठला. या दारातून माणूस रिकामा गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं. द्यावीत चार ओळी, आचलला काय सांगायचं ते सांगू, पोर समजूतदार आहे. "उचल" हा शब्द ओठांवर येऊन बसला होता. तेवढ्यात रूपराव पोतं उलगडत मोठ्या प्रेमाने म्हणाला, "अन् वरची मूठ भक्कम देजो बरं भाऊ. अर्धे त मरतेतच."

"अर्धे?"

"अर्धेच समज. लाइनच नाई राह्यत तिकडं. कदी जास्तबी जाते."

"अन् मंग काय करतं?"

"काय करतं म्हंजे? दिवाळी झाली का अखीन येतो न तुह्यापाशी. तुले काय वाटलं, वर्ध्याले फिराले येतो मी?"

पुंडलिकराव त्याच्याकडे बघत राहिले. दरवर्षी दिवाळीनंतर रूपराव दुसऱ्यांदा येई, दरवर्षी ते त्याला चहा पाजत, आणि दरवर्षी चारचौघांत कौतुकाने सांगत, रूपराव वावर वाढवून राह्यला, मानूस मेहनती हाय. एकटा रूपरावच नाही. दोनदा येणाऱ्या साऱ्यांबद्दल त्यांनी असंच मानलं होतं. गिऱ्हाईक परत येतं म्हणजे माल चांगला, भरभराट आहे त्याची आणि आपली. "म्या त समजलो होतो तू वावर वाढवलं," ते कसेबसे म्हणाले.

"वावर?" रूपराव खदखदून हसला. "कायचं वावर भाऊ! तेवढ्याच वावरात दोनदा लावतो मी."

"मंग सांगतलं काऊन नाई मले कदी?"

"काय सांगू? तुह्या रोपाले नावं कोन ठेवते? मूठभर वरून देतं तू, आपल्याच मनानं देतं. माह्याच जमिनीचा दोष म्हनलं." आणि मग, मुळीच वाईट न वाटता, "तू बी कदी इचारलं नाई."

हे त्याने इतक्या सहज म्हटलं की पुंडलिकरावांना ते नाकारता येईना. शरम वाटली, पण शरमेच्या मागोमाग, चोरपावलांनी, ती जुनी सकाळची ओढ आली, तोंड धुण्याआधी वाफ्याकडे नेणारी, आणि त्यांना ती चेहऱ्यासकट ओळखू आली. ते खुर्चीत पुढे सरकले. "कोनते मरतेत? बांधाकडचे का मधातले?" रूपराव गडबडला. मरणाऱ्या रोपांची अशी चौकशी त्याच्याकडे आजवर कुणी केली नव्हती. तो आधी म्हणाला सगळीकडचेच, मग म्हणाला थांब, बांधाकडचे जगतात, मग त्याचाच त्याच्यावर विश्वास बसेना आणि तो डोळे मिटून आपल्या वावरातून मनाने चालत गेला. पाणी कोणत्या टोकाकडून सुटतं, वीज कधी जाते, मोटार बंद पडली की शेवटच्या सऱ्यांना ओल पोचते की नाही, एकेक निघत गेलं. पुंडलिकराव विचारत होते, तो सांगत होता. आत आचल काम थांबवून ऐकत उभी राहिली होती.

"बरं, चाल आता," शेवटी रूपराव पोतं झटकत उठला. "भर हे पोतं. बस निघून जाईन माही."

"ते विकाचे नाईत."

"विकाचे नाईत? मंग कायले ठेवले एवढे?"

"मराले," पुंडलिकराव म्हणाले.

रूपराव बघतच राहिला. मग आचलकडे बघितलं, ती तर हसत होती. "डोकं ठिकानावर हाये ना भाऊ?" त्याने जपून विचारलं. पुंडलिकरावांनी त्याला पुढल्या खेपेला यायला सांगितलं, आणि येताना, वावरात आधीची जी रोपं उभी आहेत त्यांतली बांधाकडची किती जगली, मधली किती, हे बघून यायलाही सांगितलं. रूपराव जरा फुरंगटला, पोतं पुन्हा बगलेत मारलं, फाटकापाशी जाऊन एकदा मागे वळून पाहिलं आणि रिकाम्या हातांनी गेला. पुंडलिकरावांना त्याची पाठ दिसत होती. धावत जाऊन त्याला दोन पिशव्या तरी द्याव्यात, असं अगदी मनापासून वाटलं. ते खुर्चीची दांडी धरून बसून राहिले.

नीरज तेवढ्यात गाडी लावून आला. त्याला फाटकाबाहेर रूपराव भेटला होता. "बाबा, समुद्रपूरचे काका रिकामे गेले?"

"हौ. अन् हे जमलं त पुढच्या साली ते दुसऱ्यांदा येनार बी नाईत."

नीरजने बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे. तो धंदा पाहणारा होता, त्याला या वाक्याचा अर्थ लगेच कळला आणि मुळीच आवडला नाही. "मंग आपलं कसं होईन?"

"ते बी पाहू," पुंडलिकराव म्हणाले. आणि हे 'पाहू' काही नेहमीचं नव्हतं, हे तिघांनाही कळलं. उन्हाचा चटका वाढला होता. आत ओळीच्या टोकाचं एक साधं रोप, ओल असूनही, किंचित कललं होतं, निदान त्यांना तसं वाटलं, आणि त्यांची नजर झारीकडे गेली. ते चटकन उठले.

"आचल, या शेडाले कुलूप लाव माय. अन् चावी तुह्यापाशी ठेव. मले देजो नको."

"तुमी मागतली त?"

"तरी देजो नको. या हाताचा काई भरवसा नाई."

"अन् आईनं मागतली त?"

"तिले त मुळीच नाई!"

आचलने कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि हसत हसत, पण खरोखरच, चावी सासू-सासरे दोघांपासून लपवून ठेवायला घरात गेली.